सीबी रेडिओचे दहा महिने: घाटात दीड मैल, सपाटीवर सहा, आणि एकदाच टेक्सास

माझ्या सीबी रेडिओच्या (सिटिझन्स बँड: गाडीतून गाडीशी बोलायचा, परवाना न लागणारा रेडिओ) दुरुस्तीचे 65 डॉलर परत मिळणार नाहीत, असं कंपनीने गेल्या आठवड्यात कळवलं. अँटेना न जुळवता सेट वापरला, म्हणून वॉरंटी लागू नाही. चार महिने मेल करून हे उत्तर. नव्याने सीबी घेणाऱ्याचे तरी पैसे वाचावेत म्हणून लिहितोय.

आम्ही ओहायोत, कोलंबसला असतो. ऑक्टोबरात मावसभावाचं आणि आमचं कुटुंब दोन गाड्यांनी टेनेसीच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या डोंगरांत निघालं. त्या जंगलात फोनला रेंज जवळजवळ नसते, म्हणून दोन सारखे सेट घेतले. 40 चॅनल, एएमवर 4 वॅट, सगळं नेहमीचं. अँटेना मात्र मी स्वस्तातली घेतली, तीनएक फुटांची, चुंबकावर बसणारी. दुकानदार म्हणाला, डिकीवर चिकटवा, झालं काम. दोन्ही गाड्यांना तशीच चिकटवली.

तिथल्या न्यूफाउंड गॅप या खिंडीच्या चढावर (वर 5,046 फूट उंची आहे) भाऊ दोन वळणं पुढे गेला आणि आवाज संपला. अंतर जेमतेम दीड मैल. आई मागच्या सीटवरून सारखी विचारत होती, "पोचले का रे ते?" मला उत्तर देता येईना. तेव्हा मी सेटलाच दोष दिला. फेब्रुवारीत माझ्या सेटवर ऐकू यायचं, पण माझं बोललेलं पलीकडे जाईना. आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळाला होता.

दुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना सेटशी किती जुळली ते दाखवणारा) लावला. काटा एकाच्या जवळ हवा, तो तीनच्या पुढे. म्हणजे सेटने पाठवलेल्या शक्तीतला चतुर्थांशाहून जास्त भाग अँटेनातून उलटा फिरून सेटलाच तापवत होता. त्यांनी अँटेना छपराच्या मधोमध आणली. सीबीची 27 मेगाहर्ट्‌झची लाट सुमारे 11 मीटर लांब, तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर. माझी अँटेना मीटरभर, उरलेली लांबी बुडाशी गुंडाळलेल्या तारेत. अशा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे खालचा पत्रा. डिकीच्या कडेला तो पत्रा एकाच बाजूला मिळतो. मग चॅनल 1 आणि 40 वर मोजणी: 40 वर आकडा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, 1 वर जास्त असेल तर आखूड. स्क्रू सैल करून दांडी थोडी खाली सरकवली आणि काटा दीडवर आला. वीस मिनिटांचं काम. 30 डॉलरचा मीटर मी पहिल्याच दिवशी घेतला असता तर 65 वाचले असते. ज्यांच्या गाडीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, त्यांच्या गाडीला तर चुंबकच चिकटत नाही. खरेदीपूर्वी तेवढं बघा.

त्यानंतर माझं मत बदललं. सेट चांगला आहे. ओहायोच्या सपाट शेतांतून भाऊ चार मैलांवर स्वच्छ ऐकू येतो, सहा मैलांवर खरखरीत. गाडी ते गाडी यापेक्षा फार जास्त धरू नका. घरावर उंच अँटेना असेल तर पंधरा-वीस मैल जमतात. जास्त शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर इथे बेकायदा आहेच, शिवाय शक्ती चौपट केली तर समोरच्याच्या मीटरवर काटा एक घर सरकतो. दोन फूट जास्त लांबीची अँटेना त्याहून उपयोगी.

जूनमधल्या एका दुपारी चॅनल 19 वर (ट्रकवाल्यांचा नेहमीचा चॅनल) अचानक दक्षिणी हेल आला. मी हाक दिली, उत्तर आलं, माणूस ह्यूस्टनजवळचा. हजार मैल! दोन मिनिटं बोललो आणि तो विरून गेला. उन्हाळ्यात आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) ई थर मधूनच दाट होतो आणि या लाटा परतवतो. त्याला इथे 'स्किप' म्हणतात. मला फार आनंद झाला, अजून आठवतो. पण त्याच दुपारी तीन मैलांवरचा भाऊ त्या गर्दीत बुडाला, एक शब्द कळला नाही. तो दिवस घाटातला असता तर? स्किप येईल तेव्हा ऐकावं, त्याच्या भरवशावर सेट घेऊ नये.

खरा पैसा वसूल झाला तो ऑक्टोबरातल्या परतीच्या प्रवासात, आय-75 महामार्गावर जेलिको डोंगरापाशी. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने 19 वर सांगितलं, पुढे उजवी लेन बंद आहे. तो असेल मैलभरावर. तेवढंच अंतर पुरलं.

नाशिकचा मित्र सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी असाच सेट पाठव म्हणतो. नको. भारतात विनापरवाना सूट 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्‌झला, 5 वॅटपर्यंत आणि सेटमधल्याच अँटेनाला आहे. इथले चॅनल 27.405 पर्यंत जातात.

ऑगस्टमध्ये उत्तर मिशिगनला जातोय. दोन गाड्यांत दोन मैलांहून जास्त अंतर ठेवायचं नाही, आवाज गेला तर पुढच्याने पहिल्या मोकळ्या जागी थांबायचं, असं ठरलंय. भावाच्या अँटेनाची मोजणी या शनिवारी करणार आहे.