जैसलमेर जिन: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, गोड टॉनिक (म्हणजे कडसर-गोड सोडापाणी) ओतून प्यायची सवय असेल तर जैसलमेर जिन ह्या दारूवर पैसे घालू नका. साध्या सोड्यात किंवा नुसत्या गार पाण्यात घ्या, मगच ती कळते. बेळगावातला कडक उन्हाळा आणि त्यामागून आलेला पावसाळा दोन्ही हिच्याबरोबर काढलेत, त्यामुळं एवढ्या ठामपणे लिहितोय.

नावात जैसलमेर असलं तरी ती गाळली जाते उत्तर प्रदेशातल्या रामपूरला. रॅडिको खेतान ह्या दारू कंपनीनं २०१८ मध्ये ती बाजारात आणली. तांब्याच्या भांड्यात तीनदा गाळलेली, ४३ टक्के अल्कोहोल. जुनिपर (एका झुडपाची बोरासारखी फळं) नसेल तर जिन म्हणताच येत नाही, ते आहेच. ते धरून एकूण ११ वनस्पती, त्यातल्या ७ भारतातल्या: धणे, वाळा, संत्र्याची साल, लिंबाची साल, गवती चहा, कंकोळ आणि दार्जिलिंगचा ग्रीन टी.

बूच काढल्यावर नाकाला आधी संत्रं-लिंबू लागतं, मग जुनिपर. तोंडात गेल्यावर धणे आणि कंकोळ पुढं येतात. कंकोळ मिरीच्या जातीचं, पण त्याचा तिखटपणा ओसरताना जीभ जराशी गार पडते. आणि घोट उतरल्यावर मागं राहतो तो वाळा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी पीत जे मोठे झाले, त्यांना तो वास लगेच ओळखू येईल. माझ्यासाठी ह्या जिनची खरी किंमत तिथं आहे. एप्रिलमधल्या उकाड्यात, दिवेलागणीनंतर गच्चीवर, भरपूर बर्फ आणि सोडा घालून घेतलेला एक पेग मी दुसऱ्या कुठल्याही दारूशी बदलणार नाही.

टॉनिकचा त्रास असा की त्यात क्विनीनचा कडूपणा असतो आणि तो झाकायला साखर. दोन्ही मिळून वाळा आणि ग्रीन टी गडप करतात. टॉनिकशिवाय चालतच नसेल तर एक भाग टॉनिक, दोन भाग सोडा करा. लिंबू पिळू नका, नुसती साल मुरडून टाका.

पावसाळ्यात गंमत आली. खानापूर-कणकुंबीकडं पावसाची झड लागली की गार पेय नकोसं होतं. तेव्हा कोमट पाण्यात आल्याची चकती टाकून घेऊन बघितली. उन्हाळाभर मागं दडलेला गवती चहा वाफेबरोबर पहिल्यांदा वर आला. आमच्याकडं पावसात चहाच्या आधणात गवती चहाची पात पडतेच, त्यामुळं हा मेळ मनापासून आवडला.

मात्र नावातल्या जैसलमेरचं वाळवंट ह्या पेल्यात सापडतं का? मला तरी सापडलं नाही, आणि ही माझी खरी हळहळ आहे. चहा दार्जिलिंगचा, कंकोळ दक्षिणेतलं. थरच्या वाळवंटाचं स्वतःचं काय? तिथली खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या गावांत कुणी आपट्याची पानं वाटतात, कुणी बन्नीची, ती बन्नी हेच झाड. हिच्याच शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी मारवाडात होते. ही झाडं तोडू नयेत म्हणून १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह बिष्णोई समाजातल्या ३६३ जणांनी जीव दिला. वाळवंटाचा वारसा सांगायचा तर ह्याहून मोठा कुठला? सांगरी किंवा केर (वाळवंटी झुडपाचं फळ) घालून कुणी जिन गाळली तर मी सगळ्यात आधी घेईन.

चंदगडचे आमचे दाजी काजूची फेणी पिणारे. एक घोट घेऊन म्हणाले, "वास चांगलाय, पण अंगात काही येत नाही बघ." फेणीच्या धगीची सवय असलेल्यांना ही मवाळच वाटणार. मला तिचा मवाळपणाच आवडतो, कारण सावकाश पिता येते.

उघडलेली बाटली निम्म्यावर आल्यावर महिनोन् महिने ठेवू नका. संत्र्या-लिंबाचा ताजेपणा आधी जातो, धणे आणि वाळा टिकतात. मी उरलेली लहान बाटलीत काढून उन्हापासून लांब ठेवतो, बराच फरक पडतो. बरोबर खायला भडंग किंवा उकडलेल्या शेंगा. सुक्या मटणाबरोबर नको, मसाला हिला पार गिळून टाकतो.

दर राज्यागणिक बदलतो आणि इकडून गोवा जवळ, म्हणून चोर्ला घाटातून येताना डिकीत बाटली टाकायचा मोह होतो. तसं करू नका. गोव्यातल्या विक्रीसाठीचा माल परवान्याशिवाय कर्नाटकात आणला तर वाटेतल्या तपासणीत जप्त होतो, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. चार पैसे जास्त गेले तरी बेळगावातच, बिल घेऊन खरेदी करा, आणि आधी लहान बाटली मिळते का विचारा.