फायबरची सहा फुटी शिडी: वस्तू झकास, पण वापरू दिली तर ना!
सांगलीच्या गणपती पेठेतनं घेतली, कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडसाठी. पायऱ्या रुंद, खाली रबर, हलत नाय अजिबात, आणि लाइटच्या कामाला अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कधीपण बरी, कोरडी अन् स्वच्छ ठेवली तर करंट उतरत नाय. पण आमच्याकडं नवीन नियम, शिडीवर चढायचंच नाय, एक ट्यूब बदलायला पण परांची बांधा, म्हणजे पाच मिनिटाच्या कामाला अर्धा दिवस, आणि परांची बांधताना पण माणूस वर चढतोयच की! त्यापेक्षा सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहू नका, टेकवायची शिडी असली तर चार फूट उंचीला एक फूट या हिशोबानं पाया भिंतीपासनं लांब ठेवा, एवढं शिकवा ना. पत्र्यावरच्या कामाला परांचीच पायजे, तिथं वाद नाय. एक स्टार कापला, एकट्याला उचलायला जड जाती.