बी.व्होक. आणि क्रेडिटचं खातं : दुसऱ्या वर्षापर्यंतचा अनुभव

फूड प्रोसेसिंगच्या बी.व्होक.चं, म्हणजे कामधंद्याचं शिक्षण देणाऱ्या तीन वर्षांच्या पदवीचं, दुसरं वर्ष आता संपत आलंय. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिकायला लागले. सकाळी मसाला युनिटमध्ये काम, दुपारी कॉलेज. प्रवेश घेऊ का, असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशेब. क्रेडिट म्हणजे शिकलेल्या तासांचं मोजमाप. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांचं शिक्षण म्हणजे १ क्रेडिट. वर्षाचे १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. या तासांत वर्गाबरोबर प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट, कारखान्यातलं प्रशिक्षण आणि घरचा अभ्यासही धरतात. आमचं जॅमचं प्रॅक्टिकल सांगते. गर शिजत आला की रिफ्रॅक्टोमीटरवर (साखरेचं प्रमाण मोजायच्या उपकरणावर) थेंब टाकायचा, ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, ६८ च्या आसपास दिसला की गॅस बंद, गरम असतानाच बाटल्या भरायच्या, बॅच नंबर आणि तापमान लॉगबुकात लिहायचं. मग मॅडम विचारतात, पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) कमी पडलं असतं तर काय केलं असतंस? नुसती हजेरी भरून भागत नाही, मूल्यमापनात पास झाल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही. हा नियम मला मनापासून पटतो. बाहेर सर्टिफिकेटं कशी वाटली जातात ते आपण बघतोच.

क्रेडिटइतकीच लेव्हल महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कुणी धड सांगत नाही. दहावी म्हणजे लेव्हल ३, बारावी ४, पदवीचं पहिलं वर्ष ४.५, तिसरं ५.५, पीएचडी ८. क्रेडिटवरून किती तास शिकलात ते कळतं, लेव्हलवरून ते किती वरच्या दर्जाचं होतं ते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे क्रेडिट पॉइंट, म्हणजे ४.५ लेव्हलचे ४० क्रेडिट असतील तर १८०. लेव्हल ३ चे छोटे कोर्स कितीही केले तरी त्यातून पदवीचं वर्ष होत नाही. जाहिरातीत नुसता क्रेडिटचा आकडा असेल तर लेव्हल विचाराच.

खरा त्रास खात्याचा. विद्यार्थ्यांचे क्रेडिट ऑनलाइन खात्यात साठवणारी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे. त्यात क्रेडिट जमा करायचं काम संस्थेचं, विद्यार्थ्याला स्वतःला काही भरता येत नाही. आमच्या पहिल्या सत्राचे क्रेडिट दुसरं सत्र निम्मं झालं तरी दिसत नव्हते. त्यात नावाचा घोळ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि तेही माहेरचं, आधारवर सासरचं. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. राजपत्रात नावबदल छापून आणला, तो कॉलेजात दिला, तेव्हा कुठे खातं जुळलं. लग्न झालेल्या मुलींनो, हे काम प्रवेशाच्या आधी उरकून घ्या.

दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर क्रेडिट आपोआप चालतात असं समजू नका. नवी संस्था अभ्यासक्रम ताडून बघते आणि ठरवते. शिवाय पदवी जिथून घ्यायची तिथेच किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. खात्यातले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, आणि एकदा वापरले की संपले.

तरीही माझं मत अनुकूल आहे, आणि त्याचं कारण आमच्या वर्गातच आहे. एक मैत्रीण बाळंतपणासाठी पहिल्या वर्षानंतर थांबली. बी.व्होक.मध्ये २०१४ पासूनच पहिल्या वर्षानंतर डिप्लोमा, दुसऱ्यानंतर अॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी अशी सोय आहे. तिच्या हातात डिप्लोमा आहे, मूल शाळेत जाईपर्यंत क्रेडिटही शाबूत राहतील. माझ्या पिढीत अशा मुलीला ‘शिक्षण अर्धवट सोडलं’ म्हणायचे आणि विषय संपायचा.

नोकरीत मात्र अजून क्रेडिट कुणी विचारत नाही. आमच्या मालकांना एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) स्वच्छतेचं प्रशिक्षण झालंय का, एवढंच बघायचं होतं.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते युनिटमधल्या जुन्या बायकांचं. नुसत्या वासावरून धणे कधी उतरवायचे ते सांगतात, प्रमाणपत्राचा कागद मात्र त्यांच्यातल्या एकीकडेही नाही. मूल्यमापन करून कामाच्या अनुभवाला दुपटीपर्यंत वजन द्यायची तरतूद आराखड्यात आहे. पण आमच्या भागात ते मूल्यमापन करणारं कुणी नाही. बायकांनी पन्नास किलोमीटरवर जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. ही सोय तालुक्याला, हंगाम सोडून, सुट्टीच्या दिवशी व्हायला हवी.

प्रवेश घेताना ऑफिसात एवढंच करा : मागच्या बॅचच्या एखाद्या विद्यार्थिनीला भेटा आणि क्रेडिट वेळेवर जमा झाले का ते तिच्या मोबाइलवर बघून घ्या. फी त्यानंतर भरा.