काळा की ऑलिव्ह? मॅडिसन नदीवरील शरदाच्या अखेरचा स्ट्रीमर

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील मॅडिसन नदीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्राउन ट्राउट माशांचा विणीचा हंगाम येतो आणि मोठे नर आपल्या जागेत शिरलेल्या लहान माशांवर तुटून पडतात. म्हणूनच गळावर पिसे व केस बांधून केलेला, लहान माशासारखा दिसणारा स्ट्रीमर (कृत्रिम आमिष) ट्राउट पकडायला या दिवसांत विशेष उपयोगी ठरतो.

ऑलिव्ह (मळकट हिरवा) रंग तळाच्या दगडांत राहणाऱ्या स्कल्पिन माशाशी मिळताजुळता असल्यामुळे, पाणी नितळ असताना आणि ट्राउटला आमिष न्याहाळायला वेळ मिळत असताना तोच निवडावा. काळ्याचे बळ वेगळे आहे. पहाटे, संधिप्रकाशात किंवा गढूळ पाण्यात रंगछटा नीट ओळखू येत नाहीत, परंतु खालून पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृती ठळक दिसते. माझा कल काळ्याकडेच आहे, कारण या ऋतूत दिवस लहान होतो आणि मोठे मासे मंद उजेडातच अधिक निर्धास्तपणे फिरतात.

पाणी 5 अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की रंगापेक्षा खोली आणि दोरीची संथ ओढ महत्त्वाची ठरते. मादीने अंडी घालण्यासाठी उकरलेल्या, उजळ दिसणाऱ्या बारीक गोट्यांच्या पट्ट्यांवर मात्र कोणत्याही रंगाचा स्ट्रीमर टाकू नये आणि तेथे पाऊलही ठेवू नये.