म्हापशातलं एंडोस्कोपी सेंटर: टॉयलेट एकच, पण डॉक्टर एक नंबर

मामाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला म्हणून आईची कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) करायला डिचोलीहून इथे आलो. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा एकच चाललेलं, हा कॅन्सर व्हायरसने होतो, म्हणजे लागतो, त्याचं ताट-तांब्या वेगळा ठेवा वगैरे, आणि आई सख्ख्या भावाकडे जायला घाबरायला लागली होती. एका लॅबवाल्याने तर व्हायरसच्या टेस्टचं महागडं पॅकेजच पुढे केलं.

इथल्या डॉक्टर मॅडमनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं. एचपीव्ही नावाच्या व्हायरसने गर्भाशयाच्या मुखाचा आणि गुदद्वाराचा कॅन्सर होतो हे पक्कं आहे, पण त्याच्या वरच्या मोठ्या आतड्याचं तसं नाही. तिथल्या गाठींत एचपीव्ही, सायटोमेगॅलो, जेसी असले व्हायरस काही अभ्यासांत सापडलेत, काहींत नाही, आणि सापडला म्हणजे त्यानेच गाठ केली असं होत नाही, जेसी तर कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात गप्प पडून असतो. कॅन्सर जेवणातून लागत नाही, काकी, भावाच्या शेजारी बसून जेवा, असं आईला स्पष्ट सांगितलं. आई त्याच आठवड्यात मामाकडे जाऊन आली, मला तरी ह्याचंच मोल जास्त वाटतं.

पॅकेज नको म्हणाल्या, स्कोप मात्र हवीच, कारण सख्ख्या भावाला आहे. पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला येणाऱ्या छोट्या गाठीचा, कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं जातात आणि तो स्कोप करतानाच काढता येतो. आईचा एक छोटा निघाला, लगेच काढला, रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, पाच वर्षांनी परत बोलावलंय. चोरीस-पाव (चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) किती खाता हेही विचारलं, प्रोसेस्ड मांस २०१५ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने पक्क्या कारणांच्या गटात टाकलंय, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर ह्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. माझ्या भावाचा चेहरा उतरला ते ऐकून.

पोट साफ करायच्या औषधाचं सगळं सिस्टरनी मराठीत लिहून दिलं, कधी किती प्यायचं, पेज कधी बंद करायची. वाईट म्हणजे पेशंट एवढे आणि टॉयलेट एकच, वयस्कर माणसांचे हाल होतात, हे त्यांनी सुधारायलाच पाहिजे. रिपोर्टसाठीही फोन करत राहावं लागलं.

सकाळची वेळ मागून घ्या आणि गाडी चालवणारं कोणीतरी सोबत आणा, भुलीनंतर पेशंटला बसने नेऊ नका.