तेल विकायचं की इलाज? इसेन्शियल ऑइलचं लेबल लिहिण्याआधी

मागच्या महिन्यात इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींतून काढलेली सुगंधी तेलं, विकणाऱ्या एकीने लॅव्हेंडरच्या बाटलीवरचा मजकूर माझ्याकडे तपासायला पाठवला. सात ओळी होत्या: ‘शांत झोप लागते’, ‘चिंता व नैराश्यावर गुणकारी’, ‘मायग्रेन घालवते’, ‘जखमा भरून काढते’, ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’, ‘१०० टक्के शुद्ध’, ‘केमिकल-फ्री’. एकही ओळ मला जशीच्या तशी ठेवता आली नाही. फसवायचा तिचा हेतू मुळीच नव्हता. घाऊक पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून तिने ते उतरवून घेतलं होतं, आणि त्याने आणखी कुठून तरी.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. सात ओळी वाचूनही बाटलीत काय आहे ते कळत नव्हतं. लॅव्हेंडरची कुठली जात, झाडाचा कुठला भाग, कुठली बॅच, त्वचेला लावायचं तर किती पातळ करून, कशाचाच पत्ता नाही. सगळा मजकूर गिऱ्हाइकाच्या शरीराबद्दल होता, मालाबद्दल चकार शब्द नाही.

कशाबद्दल आणि कुठल्या भाषेत बोलायचं, हा निर्णय तेलं विकायला नव्याने उतरणाऱ्याला सगळ्यात आधी घ्यावा लागतो. बोलायच्या तीन पद्धती असतात: इलाजाची, ‘वेलनेस’ची आणि मालाची.

इलाजाची भाषा

ही सगळ्यात लवकर खपते, हे कबूल करायला हवं. ज्याचं डोकं ठणकतंय त्याच्यासमोर ‘डोकेदुखीवर रामबाण’ लिहिलेली बाटली ठेवली की तो लेबल पुढे वाचतच नाही. अडचण अशी की या एका वाक्याने बाटलीची जात बदलते. अमेरिकेत एफडीए, म्हणजे तिथलं अन्न व औषध प्रशासन, एखादं उत्पादन औषध की प्रसाधन हे ते कशासाठी म्हणून विकलं जातंय यावरून ठरवते. अंगाला लावायच्या सुगंधासाठी विकलं तर प्रसाधन, ‘निद्रानाशावर’ म्हटलं की तेच तेल मंजुरी न घेतलेलं औषध. युरोपीय संघातही रोग बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी म्हणून मांडलेली वस्तू औषधाच्या कायद्याखाली जाते. आत तेल तेच आहे हा बचाव कुठेच चालत नाही.

पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती तेव्हा, सप्टेंबर २०१४ मध्ये, एफडीएने इसेन्शियल ऑइल विकणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना इशारापत्रं धाडली. पत्रांत दाखवलेले दावे त्यांच्या स्वतंत्र विक्रेत्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर आणि सोशल मीडियावर केलेले होते. कोविडच्या काळात तेच पुन्हा घडलं, आणि मार्च २०२३ मध्ये अशा दाव्यांपायी तिघा विक्रेत्यांवर प्रत्येकी १५ हजार डॉलरचा दंड आला. म्हणजे ‘मी छोटा माणूस, माझी पोस्ट कोण बघतंय’ या भरवशावर राहू नका.

दंडापेक्षा मोठी गोष्ट अर्थातच गिऱ्हाईक. नैराश्यासाठी म्हणून तेल नेणारा माणूस तेवढे दिवस डॉक्टरकडे जायचा थांबतो.

‘वेलनेस’ची भाषा

‘रोगप्रतिकारशक्तीला साथ देतं’, ‘शरीर डिटॉक्स करतं’, ‘श्वसनमार्ग निरोगी ठेवायला मदत’. बहुतेक जण इथेच येऊन थांबतात, कारण ही भाषा सुरक्षित वाटते. रोगाचं नाव तर घेतलेलं नाही! मला तिघांत ही सर्वांत वाईट वाटते. थेट दावा करणाऱ्याला निदान आपण दावा करतोय हे ठाऊक असतं. इथे विकणाऱ्याला स्वतःलाच वाटत राहतं की आपण प्रामाणिक आहोत.

खरी कसोटी सोपी आहे: वाचणाऱ्याला काय समजलं? साथीच्या दिवसांत ‘प्रतिकारशक्तीला साथ’ वाचून ‘मला ताप येणार नाही’ असंच समजणार असेल, तर तुम्ही तेच सांगितलंत. खाली बारीक अक्षरात ‘हे उत्पादन कोणताही रोग बरा करण्यासाठी नाही’ असं लिहून वरचं वाक्य पुसलं जात नाही. ‘आमच्या एका ग्राहकाचा सांधेदुखीचा त्रास गेला’ हा अभिप्राय तुम्ही पानावर लावला की तो तुमचा दावा होतो, मग ग्राहकाने तो कितीही मनापासून लिहिलेला असो. हॅशटॅगही यात येतो. ग्राहकाच्या कमेंटला कंपनीने दिलेलं ‘लाइक’सुद्धा एफडीएने एका इशारापत्रात नोंदवलं आहे.

मालाची भाषा

यात तुम्ही फक्त बाटलीबद्दल बोलता: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठला भाग, तेल काढायची रीत, वास कसा आहे, कसं वापरायचं, काय टाळायचं. ‘गोडसर, किंचित कापरासारखा वास, संध्याकाळी डिफ्यूझरमध्ये लावायला छान’ (डिफ्यूझर म्हणजे खोलीत वास पसरवणारं उपकरण) हे वाक्य खरं आहे आणि कुणालाही हुंगून पडताळता येतं. इलाज शोधत आलेली काही गिऱ्हाइकं यामुळे निघून जातील. जी राहतील ती वासासाठी राहतील आणि बाटली संपली की परत येतील.

‘पण संशोधन आहे ना!’

मला सगळ्यात जास्त वेळ हाच प्रश्न सोडवावा लागतो. संशोधन आहे, चांगलंही आहे. फक्त ते बहुतेक वेळा तुमच्या बाटलीवर झालेलं नसतं.

लॅव्हेंडर आणि चिंता यांवरचे सगळ्यात जास्त उद्धृत होणारे अभ्यास पाहा. ते सिलेक्सान नावाच्या प्रमाणित तेलाच्या ८० मिलिग्रॅम कॅप्सूलवरचे आहेत. ती कॅप्सूल गिळायची असते, रोज, काही आठवडे, आणि जर्मनीत ती औषध म्हणून रीतसर मंजूर आहे. डिफ्यूझरमधल्या चार थेंबांना त्या अभ्यासाचा आधार देता येत नाही. आणि तो वाचून कुणी बाटलीतलं तेल प्यायला लागलं तर आणखी कठीण.

पेपरमिंटचंही तसंच. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या आतड्याच्या जुनाट त्रासासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पेपरमिंटला जागा आहे. पण अभ्यासांत मुख्यतः जठरात न विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूल वापरल्या गेल्या आहेत, म्हणजे तेल पुढे आतड्यात जाऊन सुटावं. सुटं तेल पोटावर चोळण्याशी त्याचा संबंध नाही.

टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाचा १९९० चा मुरुमांवरचा अभ्यास तर हमखास पुढे केला जातो. १२४ जणांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचं नेहमीचं औषध यांची तुलना झाली. दोन्हींनी फरक पडला, टी ट्रीचा परिणाम सावकाश दिसला, पण त्याचे दुष्परिणाम कमी झाले. ही ५ टक्क्यांच्या जेलची गोष्ट. तीच ‘शुद्ध’ तेलाच्या लेबलवर चिकटवली की माणूस न पातळ केलेला थेंब थेट फोडावर टेकवतो.

आणि काचेच्या बशीतले जंतू मारणारे अभ्यास! जंतू ब्लीचनेही मरतात. बशीतल्या जंतूंपासून माणसाच्या घशातल्या संसर्गापर्यंतचं अंतर त्या अभ्यासाने कापलेलं नसतं.

तुमच्या तेलात खरोखर औषधी गुण आहे असं वाटत असेल, तर चौथी वाट आहेच: नेमका डोस, माणसांवरच्या चाचण्या, औषधाची मंजुरी. लांबची आणि खर्चाची आहे, पण बंद नाही.

शुद्ध, नैसर्गिक, थेराप्युटिक

‘थेराप्युटिक ग्रेड’ असा दर्जा देणारी कुठलीही स्वतंत्र संस्था नाही; तो विक्रीसाठी घडवलेला शब्द आहे. ‘केमिकल-फ्री’ तर उघडच चूक, कारण लॅव्हेंडर म्हणजे मुख्यतः लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट ही रसायनंच. ‘शुद्ध’ म्हणायचं तर त्या बॅचचा जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) अहवाल हाताशी असू द्या आणि मागेल त्याला दाखवा. अहवालातून तेलात काय किती आहे ते कळतं. ते कशावर चालतं हे त्यातून कळत नाही.

आता इशारे. इलाजाची भाषा बोलणारे बरेच जण एका दमात ‘औषधासारखं गुणकारी’ आणि ‘नैसर्गिक म्हणून संपूर्ण निर्धोक’ असं दोन्ही म्हणतात. शरीरावर औषधाएवढा जोर चालवणाऱ्या वस्तूला औषधाएवढाच धोका असणार. विंटरग्रीनचं तेल जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या जातीचं रसायन, असतं. एक चमचा, म्हणजे ५ मिली, पोटात गेलं तर ते ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त ॲस्पिरिन गोळ्यांइतकं होतं. निलगिरीचं तेल लहान मुलाने थोडंसं प्यायलं तरी झटके येऊ शकतात. बर्गमॉट (एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल) लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. टी ट्री मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी आहे. जुन्या, हवा लागलेल्या तेलातलं लिनॅलूल आणि लिमोनिन ही रसायनं ऑक्सिडाइज होऊन ॲलर्जी आणतात, म्हणून ‘उघडल्याची तारीख’ लिहायला लेबलवर जागा सोडा. एखादा विक्रेता किती प्रामाणिक आहे हे मी त्याच्या इशाऱ्यांच्या मजकुरावरून ओळखते.

समोरासमोर मात्र सगळंच अवघड होतं. ‘बाळाला रात्रभर खोकला आहे, यातलं कुठलं देऊ?’ असं एखादी आई विचारते तेव्हा ती थकलेली असते, आणि आपल्यालाही काहीतरी द्यावंसं वाटतं. तिथे म्हणायचं ते हे: ‘ताई, ही तेलं वासासाठी आहेत, बाळाच्या नाकातोंडाजवळ नेऊ नका. बाळाला डॉक्टरांना दाखवा.’ बाटली विकली जाणार नाही. हे वाक्य आधीच ठरवून ठेवावं लागतं, आयत्या वेळी सुचत नाही.

त्या विक्रेतीचं लेबल शेवटी असं झालं: ‘लॅव्हेंडर, लॅव्हांड्युला अँगुस्तिफोलिया. फुलोऱ्यापासून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढलेलं तेल. गोडसर फुलांचा वास. डिफ्यूझरमध्ये ३ ते ४ थेंब. त्वचेसाठी ३० मिली कॅरियर ऑइलमध्ये (पातळ करायच्या साध्या तेलात) १२ थेंबांपर्यंत. आधी कोपराच्या आत लावून पाहा. पिऊ नये. डोळ्यांपासून आणि मुलांपासून दूर ठेवा. गरोदर असाल किंवा औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. बॅच क्रमांक, उघडल्याची तारीख.’ दहा मिलीच्या बाटलीवर ते मावेना, म्हणून वापराचा भाग घडीच्या कागदावर छापून खोक्यात घालायचं ठरलं. ‘पिऊ नये’ आणि बॅच क्रमांक बाटलीवरच राहिले.