काजूच्या बागेसाठी ग्रासकटर: टू स्ट्रोक घ्यावा की फोर स्ट्रोक?

पावसाचा जोर ओसरला की कोकणात बागांची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची तोडणी निघते आणि इंजिनवाल्या ग्रासकटरच्या दुकानांत वर्दळ वाढते. दुकानदार पहिल्यांदा बजेट विचारतो. मी आधी विचारेन की यंत्र चालवणार कोण. तुम्ही स्वतः, की दर आठवड्याला बदलणारा गडी? ३५ सीसीच्या आसपासच्या यंत्रांत टू स्ट्रोक आणि फोर स्ट्रोक दोन्ही बागेचं काम निभावतात. धोका कुठून येतो, ते मात्र दोघांत वेगळं आहे.

टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. कंपनी आणि ऑइल बघून प्रमाण ५०:१ किंवा २५:१, म्हणजे लिटरला २० किंवा ४० मिली. मापाची बाटली पहिल्या महिन्यात हरवते आणि मग 'घाल जरासं अजून' सुरू होतं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, ते नुकसान खिशाचं. जास्त पडलं तर काजळी धरते आणि सायलेन्सरमधली बारीक जाळी चोंदते. ती जाळी ठिणग्या अडवण्यासाठी असते. यंत्राचा दम तुटायला लागला की कोणीतरी ती साफ करण्याऐवजी काढूनच टाकतो आणि यंत्र पुन्हा झकास पळतं! फेब्रुवारी-मार्चच्या वाळक्या गवतात असं यंत्र नेलं तर वणवा तुमच्याच बागेतून सुरू होऊ शकतो.

फोर स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल जातं, ऑइल वेगळं. होंडाच्या जीएक्स ३५ इंजिनात ते जेमतेम १०० मिली बसतं. पहिल्यांदा १० तासांनी बदलायचं, नंतर दर ५० तासांनी. एवढंसं ऑइल असल्यामुळे थोडी गळती झाली तरी इंजिन लवकर उघडं पडतं. रोज सकाळी झाकण काढून पातळी बघायची, काम अर्ध्या मिनिटाचं. ज्याला हे जमणार नाही त्याने फोर स्ट्रोक घेऊन उपयोग नाही.

घरात जुना टू स्ट्रोक असताना नवीन फोर स्ट्रोक आणलात, तर दोन कॅन वेगळ्या रंगाचे घ्या आणि वर ठळक लिहा. आणि साधंच पेट्रोल लागतं म्हणून मोटरसायकलच्या टाकीतून नळीने तोंड लावून ओढायचा प्रकार करू नका. पेट्रोल श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

धुराच्या बाबतीत लोकांची समजूत उलटी असते. टू स्ट्रोकचा निळसर धूर डोळ्यांत जातो, म्हणून माणूस आपोआप यंत्र बाहेर नेऊन चालू करतो. फोर स्ट्रोकचा धूर दिसत नाही, वासही कमी, म्हणून गोठ्यात किंवा पडवीत चालू करून 'गरम होऊ दे' म्हणतात. कार्बन मोनॉक्साइड दोन्हींतून बाहेर पडतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. यंत्र कोणतंही असो, छपराखाली चालू करायचं नाही.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढतं. यंत्र पेट्रोलसकट आपल्या पावसाळ्यात पडून राहिलं, तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी बसू शकतं. टू स्ट्रोकला हे जास्त महाग पडतं, कारण त्या तळाच्या थरात ऑइल मिसळत नाही. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

उतारावरच्या बागेत टू स्ट्रोक उजवा ठरतो. तो हलका असतो आणि कसाही वाकडा धरला तरी त्याचं वंगण अडत नाही. चांगल्या बनावटीचे फोर स्ट्रोकही आता वाकडे चालतात, पण स्वस्तातले काही आडवे ठेवले की ऑइल पितात. उतारासाठी पाठीवरचं मॉडेल सोयीचं वाटतं. पण त्याची इंजिनापासून दांड्यापर्यंतची नळी लवचिक असते, त्यामुळे दांडा पायाकडेही वळू शकतो, आणि गडबडीत पाठीवरून उतरवायला वेळ लागतो. उतारावर पाठीवरचं घ्यायचंच असेल तर पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावा. सपाट बागेसाठी खांद्याच्या पट्ट्याचं आणि दोन मुठींच्या हँडलचंच घ्या. आणि पाठीवरचं यंत्र अंगावर असतानाच दुसऱ्याने त्यात पेट्रोल ओतायचं, हा आळस कुणालाही करू देऊ नका. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, उघड्या मातीवर ठेवून भरायचं आणि तिथून तीन मीटर दूर नेऊन चालू करायचं.

पात्याला मात्र इंजिन कुठलं आहे याच्याशी देणंघेणं नाही. चालवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ते सहसा घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून कापत जायचं उजवीकडून डावीकडे. पात्याची पुढची उजवी कड, घड्याळात साधारण १२ ते ३ मधली, गवतात लपलेल्या खुंटाला किंवा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) जांभ्याला लागली तर दांडा झटक्यात उजवीकडे आणि मागे उसळतो. त्यामुळे खुंट, दगड, तारा आधी हाताने बघून घ्या. पंधरा मीटरच्या आत माणूस किंवा गुरं नकोत. कानांवर मफ असल्याने मागून आलेला माणूस चालवणाऱ्याला ऐकूच येत नाही. तोंडावर जाळी किंवा काच आणि पायात गमबूट हवेत. फुरशांसारख्या विषारी सापांच्या मुलखात गमबूट तसेही लागतातच. पात्यात वेल अडकला तर इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढा, मगच हात घाला.

माझा कौल असा: चालवणारा एकच आणि नियमित असेल, बाग बऱ्यापैकी सपाट असेल, तर जास्त पैसे घालून फोर स्ट्रोक घ्या. उतार आणि बदलते गडी असतील तर टू स्ट्रोक घ्या, पण मिसळण्याचं काम स्वतःकडे ठेवा आणि गड्याच्या हाती तयार मिश्रणाचाच कॅन द्या. बॅटरीवरचं यंत्र अंगणापुरतं छान, एकरांच्या बागेला ते दिवसभर पुरत नाही.

दुकानात यंत्र चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता चालू असताना पातं पूर्ण थांबलेलं हवं; फिरत असेल तर स्लो जुळवून घ्या, तरीही थांबलं नाही तर ते यंत्र नको. मग ते बंद करून पट्टा अंगावर चढवा आणि झटपट सुटणारी कडी एका हाताने ओढून बघा.